अत्तराने क्लच बरा होत नाही

दादा,

गाडीत जळका वास आला, तर तू अत्तराची बाटली टांगलीस! अरे शहाण्या, क्लच जळत होता. गिअर पडला की क्लचवरून पाय काढायचा, ते काय पाय ठेवायचं स्टूल आहे? चढावर हँडब्रेक लावायचा सोडून अर्ध्या क्लचवर गाडी लटकवत शेजाऱ्याशी गप्पा हाणतोस!

आज बाळंतपणाला जाताना चढावर इंजिन नुसतं बोंबललं, गाडी हलेना. बाळंतिणीच्या नवऱ्यानेच खाली येऊन ढकलली. मी सुईण, पण मी आत पोचेपर्यंत बाळ बाहेर! दोघं सुखरूप आहेत, म्हणून तू वाचलास.

नवा क्लच बसेपर्यंत प्रत्येक बाळंतपणाला तू मला सायकलवर डबलसीट न्यायचंस. चढ आला तरी मी उतरणार नाही.

धाकटी