चिखल वाळायला ठेवलेला शर्ट

जुलियानाचे पप्पा,

तिचा खो-खोचा पांढरा शर्ट चिखलाने माखलेला ओटीवर पडला होता, तो मीच सांगितलं म्हणून. ओला चिखल चोळला की धाग्यात घुसतो. वाळला की ब्रशने झडतो, मग थंड पाणी आणि साबण. पोर आळस करत नव्हती, चिखल वाळायची वाट बघत होती. तुम्ही विचारलं नाहीत, कमरेचा पट्टाच काढलात. मी चर्चमधून येईपर्यंतसुद्धा दम धरवला नाही तुम्हाला.

चिखल मी काढला. तिच्या पाठीवरचं रक्त तुम्ही त्याच शर्टाने पुसलंत, ते मात्र निघत नाही. मिठाच्या थंड पाण्यात निघालं असतं, पण मला दिसू नये म्हणून तुम्ही शर्टावर उकळतं पाणी ओतलंत. आता तो डाग जन्माचा. शर्ट तुमच्या खुंटीवर टांगला आहे, रोज बघा.

पट्टा वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात फेकला आहे. कालवण चुलीवर आहे, गरम करून घ्या.

आम्ही दोघी गास गावात माझ्या भावाकडे आहोत. यायचं तर फादरना सोबत घेऊन या. एकटे येऊ नका. केळी कापायचा कोयता मी नेला आहे, आणि त्याला धार कालच तुम्ही लावलीत.

क्लारा