आमच्या खोलीतला सिलिंडर

सौ. धाकट्याच्या आईस आशीर्वाद. माझी प्रकृती बरी आहे, काळजी नको.

पण तुझ्या लेकाने डोकं फिरवलं आहे. प्रयोगशाळेत जागा नाही म्हणून हायड्रोजन वायूचा सिलिंडर आमच्या खोलीत आणून ठेवला. आत धातूचा भुगा आहे, तो म्हणे वायू पितो.

"बाबा, नुसता धातू प्यायलेला वायू सोडत नाही. निकेल मिसळलं की थोड्या उबेनेही सोडतो."

"गाढवा, धरून बसला होता तेच बरं होतं की."

तर हसला, भीती नाही म्हणाला, आणि माझी शेगडी बाहेर नेऊन ठेवली. भीती नाही तर शेगडी कशाला काढली?

थंडीने गुडघे धरले आहेत. तुझे कसे आहेत? घरी या, असं मात्र लिहू नकोस. सिलिंडर आणि पोरगा यांच्यामध्ये मी माझं अंथरूण घातलं आहे.

धाकट्याचा बाप