सलीमचा चष्मा

भोर, मंगळवार, संध्याकाळ

आज मी सलीमला मारलं. माझ्या भागीदाराला. सर्व्हरवर कोण आलं-गेलं त्याची नोंद ठेवणारी लॉग फाईल दसऱ्यापासून कोरी, वाटलं यानंच पुसली. "फोल्डर कुणाच्या नावावर हाय ते आदी बघ," एवढंच म्हणाला तो. मी कीबोर्ड उचलून तोंडावर हाणला. चष्मा उडाला, भुवई फुटली. रक्त पुसत तो स्टँडकडं गेला.

मग बघितलं. दसऱ्याला मशीनची पूजा करताना त्या फाईलीचं जुनं फोल्डर उडवून नवं मीच केलं होतं, माझ्या नावावर. त्यामुळं सर्व्हरला त्यात लिहायची परवानगीच नव्हती. ती दिली, फाईल लगेच भरायला लागली.

हा हात दारात घालून चेचावा. चष्मा टेबलावरच आहे. त्याच्याशिवाय सलीमला एसटीची पाटी वाचता येत नाही. कुठल्या गाडीत चढला असेल?