तीन म्हणाली होती

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय असमाआपा,

तुम्हाला सलाम, अम्मींना नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल असं पुढे लिहिणार होते, पण सहा महिने तुमचे फोन न उचलणाऱ्या बाईला तसं लिहायचा तोंडदेखलेपणा शोभत नाही. तेव्हा राहू दे.

इथली हवा आता सुधारली आहे. दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे हाताला भाजत नाहीत. खालच्या दुकानातला आमिर चौदा तारखेला सुट्टीवर दापोलीला येतोय. त्याच्या हाती खजूर, अम्मींच्या गुडघ्यांसाठी मलम आणि एक निळी वही पाठवते आहे. वही तुमच्या धाकटीची, झुलेखाची आहे. मे महिन्यात तिचं सामान पाठवलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "सगळं आलं ना गो?" मी हो म्हटलं होतं. ते खोटं होतं.

आधी चांगली बातमी सांगते. चांगली म्हणजे, झुलेखाने उडी मारली असती अशी. मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नर्सिंगच्या पीएच.डी.ला जागा मिळाली आहे. शिष्यवृत्तीसकट. जानेवारीत हजर व्हायचंय आणि वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

बी.एस्सी.वरून एकदम पीएच.डी. कशी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी झुलेखानेच कुठूनतरी शोधून काढलं की तिकडची काही विद्यापीठं अनुभवी नर्सला पदवीनंतर थेट घेतात. मी म्हटलं, "अगं, मध्ये एम.एस्सी. नको का?" तर म्हणाली, "मुंबैला जाताना माणगावला उतरायलाच पायजे असा काय नाय गो." मग दर शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचे कागद. मला म्हणाली, तूही अर्ज कर, मी एकटी जाणार नाही. माझी हौस तेवढीच होती आपा, तिची सोबत. सिन्नरच्या माझ्या घरात मी बी.एस्सी. झाले तेव्हाच सगळ्यांना वाटलं होतं, आता पुरे.

अर्जाला एक गोष्ट मात्र लागते. प्रश्न. तुमच्या कामातून तुम्हाला पडलेला, ज्याचं उत्तर कुणाकडे नाही असा. माझ्याकडे तो नव्हता. झुलेखाकडे होता, आणि तोच या वहीत आहे.

आमच्या दवाखान्यात मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागातले कामगार येतात. प्रत्येकाला विचारायचं, दुखणं दहापैकी किती, आणि आकडा कागदावर घालायचा. झुलेखाच्या लक्षात आलं की हे लोक तीन सांगतात. मनगटाचं हाड मोडलेला क्रेनवाला घामाने निथळत होता, तरी म्हणाला, "माफी मुश्किल सिस्टर, तीन." काही अडचण नाही, असं अरबीत सांगायला इथे सगळेच शिकतात. शून्य सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. सात सांगितलं तर तपासण्या होतात, अनफिटचा शेरा बसतो आणि माणूस घरी जातो. तीन म्हणजे गोळी मिळते आणि नोकरी राहते. झुलेखा चिडायची. म्हणायची, दुखण्याला आपल्याकडे कळ आहे, ठणका आहे, चमक आहे, आणि आपण माणसाला आकडा विचारतो. तिने वहीत रकाने आखले. वय, काम, किती सांगितलं, खरं किती असावं, कमी का सांगितलं. नाव कुणाचंच नाही. चार वर्षांत दोनशे अकरा माणसं झाली.

घरी आम्ही त्याची थट्टा करायचो. कंपनीच्या कागदपत्रांचा माणूस, इथे त्याला मंदूब म्हणतात, तो आला नाही की ती विचारायची, "राग किती?" मी म्हणायची आठ. माझी आमटी खारट झाली की ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "तीन, सिस्टर. माफी मुश्किल."

हे मी लांबवते आहे. तुम्हाला कळलंच असेल.

ऑगस्टमध्ये मी अर्ज भरला आणि त्यात झुलेखाचा प्रश्न घातला. माझा म्हणून. मुलाखतीत तिथल्या बाईंनी विचारलं, हा प्रश्न तुम्हाला कुठून सुचला? मी म्हटलं, माझ्या कामातून. त्या म्हणाल्या, फार माणुसकीचा प्रश्न आहे. मी आभार मानले आणि कॅमेरा बंद केला.

चोरीचं एवढंच असतं तरी मी तुम्हाला फोन करून सांगितलं असतं. पाया पडले असते. तुम्ही दोन शिव्या देऊन माफही केलं असतंत, कारण झुलेखा सांगायची की तुम्ही तोंडाच्या तिखट आणि मनाच्या मऊ. पण फोन उचलला की अम्मी येणार आणि दरवेळचंच विचारणार, "पोरीला माझ्या तरास नाय ना झाला?" मी पहिल्या दिवशी सांगून बसले होते की ती झोपेतच गेली. काही दुखत नव्हतं, काही बोलली नाही. तुम्ही तिला पाहिलंही नाहीत. इथेच सुलेबीखातच्या कब्रस्तानात माती दिली, मी फाटकाबाहेर उभी होते. शेवटचं तिला पाहिलेली, तिच्याशी बोललेली मी एकटी. म्हणून मी सांगेन तेच तुमच्यासाठी खरं.

खरं हे आहे.

चार एप्रिल, ईदनंतरचा पहिला शुक्रवार. सकाळी सहाला मी ड्यूटीला निघत होते. ती पलंगावर बसली होती, डाव्या खांद्यामागे हात दाबून. म्हणाली, जबडाही अवघडलाय. महिनाभर रोजे, मग तीन दिवस दावती, बिर्याणी. मी म्हटलं, बाईसाहेब, ईद बाधली. तीही हसली. मग मी दारात बूट घालता घालता विचारलं, "दहापैकी किती?"

"तीन," म्हणाली. "जा तू, काय नाय हाय."

आपा, तेरा वर्षं मी नर्स आहे. खांदा आणि जबडा म्हणजे काय, हे मी शिकाऊ मुलींना शिकवते. बायकांचं हृदय छातीत दुखेलच असं नाही, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेते. आणि तीन म्हणजे तीन नसतात हे तर जगात दोनच माणसांना नीट माहीत होतं, आणि ती दोन्ही माणसं त्या खोलीत होती. मी तिला ॲसिडिटीची गोळी दिली. गरम पाण्याची पिशवी भरून खांद्यामागे ठेवली. आणि गेले. साडेतीनला परत आले तेव्हा पिशवी गार होती आणि तीही.

तिसऱ्या दिवशी तुमच्यासाठी सामान बांधताना तिच्या नमाजाच्या जानमाजच्या घडीत वही सापडली. शेवटचं पान त्याच सकाळचं आहे. तिच्या अक्षरात, पण अक्षर तिरकं गेलंय. जसं आहे तसं उतरवते.

"४ एप्रिल. वय ३६. नर्स. सांगितले ३. खरे ८. कमी का: ज्ञानदा रजा टाकून थांबली असती. आज तिने ड्यूटी केली तरच भावाच्या लग्नाची सुट्टी मिळणार आहे. दुपारी आली की सांगेन."

म्हणून वही पाठवली नाही. लग्नाला मी गेलेच नाही. सुट्टी मात्र मंजूर झाली होती.

कितीदा ते पान धरून बसले. फाडलं असतं तर कुणाला कळणार होतं? दोनशे अकरा माणसं राहिली असती, माझा प्रश्न राहिला असता, अम्मींची समजूत राहिली असती. पण ती दोनशे बारावी आहे. तिने स्वतःला वहीत घातलं ते मी काढून टाकू शकत नाही. दुपारी आली की सांगेन, असं लिहिलंय तिने. दुपार झाली आणि मी आलेही, आपा.

काल रात्री मुलाखतीतल्या त्या बाईंना ईमेल केली. लिहिलं की प्रश्न माझा नाही, झुलेखाचा आहे, मी खोटं बोलले. ही दोनशे बारावी नोंदही लिहिली, आणि ती कुणाची तेही. जागा काढून घेतील कदाचित. घेऊ देत. नाही घेतली, तर जायचं की नाही ते तुम्ही सांगा. वही आता तुमची आहे. तुम्ही ती परत पाठवते म्हणालात तर मी जाईन आणि पहिल्या पानावर तिचं नाव असेल. नाही म्हणालात तर समजेन, आणि इथेच कामगारांना आकडे विचारत राहीन. फक्त आता पहिल्या आकड्यावर थांबत नाही. दुसऱ्यांदा विचारते.

अम्मींना काय सांगायचं ते मला ठरवता येत नाही. हे ओझं तुमच्यावर टाकते आहे याची लाज वाटते. मला ती रोज आठवते, रोज तिचा राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

आमिर पोचला की फोन करा. या वेळी उचलेन. मी विचारीन, आपा, माझ्यावर राग किती. माझ्यावर दया करून तीन म्हणू नका.

त्या सकाळी दारातून मागे न फिरलेली,
ज्ञानदा