यादीतला एकशे सदतिसावा

अल्लाहच्या नावाने. मी, नजीब शरीफ अल-हज्जार, वय एकाहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे व थडग्यांचे दगड कोरणे, राहणार हारत अल-तूत, होम्स, सीरिया, माझ्या मागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती दुखते, पण लिहितो ते कोणाच्या धाकाने नव्हे. अक्षरावरून खात्री करून घ्यावी. या गल्लीत असे अक्षर दुसऱ्या कोणाचे नाही.

खाली ज्या दोघांच्या सह्या आहेत त्यांनी मला सही करताना पाहिले आहे, मजकूर वाचलेला नाही. हे वाचले जाईल तेव्हा मला कोणी चौकशीला बोलावू शकणार नाही. त्यांना बोलावू शकतात, म्हणून हे आधीच लिहिले.

हा कागद माझ्या घरी, माझा धाकटा भाऊ फायेज याच्यासमोर वाचावा. वाचणारीने, म्हणजे माझी मुलगी लमीस हिने, मध्ये रडत थांबू नये. सगळे वाचून झाल्यावर काय रडायचे ते रडावे.

१. इच्छेप्रमाणे देता येते ते मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि तेही वारसाला नाही. त्यातून माझे ब्रश, शिडी, छिन्न्या आणि रंगाचे डबे नदीपलीकडच्या जमीलला द्यावेत. जमीलची अक्षरे दारू प्यायल्यासारखी झुकतात आणि तीस वर्षांपूर्वी त्याने दाताच्या डॉक्टरची पाटी माझ्या हातून पळवली होती. ते मी विसरलेलो नाही. पण युद्धानंतर या शहरात छिन्नी धरणारे आम्ही दोघेच उरलो, आणि लोक मरायचे थांबलेले नाहीत.

२. गेल्या मे महिन्यातल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी माझ्याकडून सात फलक लिहून घेतले होते. निवडणूक झाल्यावर कापड मी परत मागून आणले. त्यातले चार समोरच्या उम्म रातिबच्या खिडक्यांना लावले आहेत, कारण तिच्या खिडक्यांत काचा नाहीत. ते तिच्याकडेच राहू द्यावेत. मला यमानचा बाप म्हणून हाक मारत ती म्हणते, "अबू यमान, उजवीकडे 'उज्ज्वल उद्या' लिहिलंय, डावीकडे 'सगळे एक'. थंडी दोन्हीकडून सारखीच येते." उरलेले तीनही तिलाच द्यावेत.

३. आता घर. वरचा मजला बॉम्बने गेला. खालच्या तीन खोल्या, अंगणातली तुती आणि रस्त्याकडचे दुकान शिल्लक आहे. कायदा असा की, मला मुलगा असेल तर घर मुलाचे आणि मुलीचे, भावाला काही नाही. मुलगा नसेल तर अर्धे लमीसचे आणि अर्धे फायेजचे. म्हणजे माझा यमान आहे की नाही, यावर लमीसच्या डोक्यावरचे अर्धे छप्पर अवलंबून आहे.

यमानला २०१३ साली नाक्यावर बसमधून उतरवले. बावीस वर्षांचा होता. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

हे लिहिले ते अर्धेच खरे आहे. २०१६ साली तुरुंगातून सुटलेला एक माणूस माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि चार वाक्ये बोलला. यमान त्याच्याच कोठडीत होता. खोकला होता. थंडीत गेला. शेवटी आईला हाक मारत होता. आई आधीच वारली होती हे त्या माणसाला ठाऊक नव्हते, मी सांगितलेही नाही. मी त्याच्यासाठी कॉफी केली. शोकाच्या घरी कॉफी बिनसाखरेची देतात, म्हणून मी तीन चमचे साखर घातली. त्याने पेल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गुपचूप प्याला. लमीसला मी हे आज पहिल्यांदा सांगतो आहे. पोरी, मला माफ कर.

मृत्यूचा दाखला मी मागितला नाही. तो मागायला गल्लीच्या मुख्तारकडे जावे लागते, त्याच्या शिक्क्याशिवाय इथे कोणी जन्मत नाही की मरत नाही, आणि मुख्तार म्हणजे आमचा फायेज. जीभ उचललीच नाही. रोटीच्या कार्डावर यमानचे नाव तसेच राहू दिले. त्याच्या वाट्याच्या रोट्या रोज रांगेत उभा राहून घेत आलो. त्या उम्म रातिबला देत असे. कोणाच्या ते तिला माहीत होते. तिने कधी विचारले नाही आणि कधी नाकारल्याही नाहीत.

४. निवडणुकीचा दिवस गल्लीतल्या सगळ्यांना आठवत असेल. शाळेसमोर ढोल होता, पोरांना मिठाई होती, कारखान्यांतून बसगाड्या भरभरून माणसे आणली होती. निकाल लागला तेव्हा तासभर हवेत गोळ्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी रोटीच्या रांगेत सगळे हळू बोलत होते. वाइल न्हावी म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याने पण मत दिलं म्हणे. मरून सहा वर्षं झाली. जिवंत असताना खाटेवरून उठत नव्हता." मागून कोणीतरी म्हणाले, "हळू बोल, तो ऐकेल आणि रोटी मागायला येईल." हसले सगळे, पण एकमेकांकडे न बघता. एका बाईने मात्र सरळ सांगितले, "मी मनापासून दिलं. मला आता नवीन काही नको. नवीन काही आलं की माझं एक पोर जातं." तिला कोणी हसले नाही.

त्याच आठवड्यात फायेज माझ्याकडे यादी घेऊन आला. ज्यांनी मत दिले त्यांची नावे वर पाठवायची होती, आणि त्याचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणाला, "दोन प्रती सुवाच्य लिहून दे." मी लिहायला बसलो. एकशे छत्तीस नावे झाली. एकशे सदतिसावे नाव होते यमान नजीब अल-हज्जार, आणि पुढे 'मतदान केले'.

"फायेज, हे काय?"

त्याने वाकून पाहिले. "रोटीच्या यादीवरून नावं उतरवली रे. तुझ्या कार्डावर आहेच ना तो अजून. तूच काढलं नाहीस."

"मग खोड."

"एक खोडलं की बाकीच्यांचं विचारतात. एकही नाव सुटता कामा नये असं वरून सांगितलंय. लिही, दादा. कुणाचं काय जातंय?"

मी लिहिले. फायेजने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, खाली सही केली. एक वर गेली. दुसरी त्याच्या फाइलची, ती माझ्या टेबलावर राहिली. फाइल ठेवायची सवय त्याला लहानपणापासून नाही.

५. पाच महिन्यांनी तोच फायेज यमानला मृत जाहीर करावे असा अर्ज कोर्टात देऊन आला. मला सांगायला आला तेव्हा बसलाही नाही.

"दादा, नऊ वर्षं होतील. किती दिवस त्याच्या रोट्या उचलणार आहेस? माझे तीन मुलगे एका खोलीत झोपतात. मी काय परक्याचं मागतोय?"

"मे महिन्यात त्याने मत दिलं, तेव्हा तू होतास ना तिथे?"

तो निघून गेला. अर्ज त्याने मागे घेतला नाही. तारखा मात्र पुढे ढकलत राहिला.

फायेज, तू वाईट माणूस नाहीस. तुझे छप्पर माझ्याआधी पडले आणि तुझ्यावर वरचे दडपण होते, हे मला दिसते. पण माझ्या मुलाला तू मतासाठी जिवंत केलेस आणि घरासाठी मारतो आहेस. दोन्ही वेळा मला विचारले नाहीस. याचा मला राग आहे, आणि तो मी बरोबर घेऊन जातो आहे.

६. शिक्क्याची ती यादी लमीसकडे आहे, झेरॉक्स वकिलाकडे. फायेजपुढे दोन वाटा आहेत. त्याने अर्ज पुढे रेटला तर लमीसने यादी न्यायाधीशासमोर ठेवावी. मग यमान मेला असे म्हणायला फायेजला आधी यादी खोटी होती असे म्हणावे लागेल, आणि ते त्याने भर कोर्टात, मोठ्याने म्हणावे.

किंवा माझे दफन झाल्यावर त्याने नोंदणी कचेरीत जाऊन या घरावरचा आपला हक्क लमीसच्या नावे सोडावा. माणूस जिवंत असताना त्याच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही, असे वकील म्हणाला. म्हणून माझ्या हयातीत हे मिटणार नव्हते, आणि मिटेपर्यंत यमानला मेला म्हणायची मला सोय नव्हती. हक्क सोडल्याचा कागद हातात आला की लमीसने यादी, वकिलाकडच्या झेरॉक्ससकट, त्याच्यादेखत चुलीत घालावी. मग फायेजने यमानच्या मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का मारावा. त्याबद्दल त्याला काहीही मिळणार नाही. काका म्हणून मारावा.

७. दुकानात मागच्या भिंतीशी एक दगड तोंड फिरवून उभा आहे. तो गिऱ्हाइकाचा नाही. नाव कोरलेले आहे, जन्मसाल कोरलेले आहे. त्यापुढची जागा मोकळी आहे, कारण तुरुंगातून आलेला तो माणूस नुसते "थंडीत" म्हणाला होता. दाखल्याचा दिवस येईपर्यंत दगड कोणी वळवू नये. आला की माझ्या शेजारी उभा करावा. मोकळ्या जागेत जमीलने काही कोरू नये, त्याची अक्षरे झुकतात.

८. मी गेल्यावर माझ्यासाठी कॉफी ठेवू नये. दाखल्याच्या दिवशी अंगणात तुतीखाली दोघांची मिळून एकदाच ठेवावी. आल्यागेल्या सर्वांना द्यावी, पहिला पेला फायेजला. साखर घालू नये.

ठिकाण: हारत अल-तूत, होम्स
दिनांक: ९ मार्च २०२२, बुधवार

सही: नजीब शरीफ अल-हज्जार (यमानचा बाप)

साक्षीदार, फक्त सहीपुरते:
१. वाइल मुनीर अल-हल्लाक, न्हावी
२. गस्सान तौफीक अल-फर्रान, रोटीच्या भट्टीचा मालक