बारवेवरची जाळी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२० सप्टेंबर २०२४

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

तू, संध्या आणि राजनंदिनी मजेत असाल. राजनंदिनी आता अंगणवाडीत जायला लागली असेल. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण दूध आणि भाजी अजून माझी मीच आणते. गणपतीला माझा विश्वजित पुण्याहून दोन दिवस आला होता. तो गेला, गणपतीही मंगळवारी गेले, आणि घर पुन्हा माझं एकटीचं झालं.

क्षेमकुशल संपलं. आता रागावते.

फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू "व्हय बाई, व्हय बाई" करतोस, मला वाटतं याला पटलं, आणि फोन ठेवला की तू आपल्याच मनाचं करतोस. आठवीत होतास तेव्हापासूनची खोड आहे ही. म्हणून कागदावर लिहिते आहे.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या नोटिशीचा फोटो काल गावाच्या ग्रुपवर आला. खाली सरपंच म्हणून तुझी ठसठशीत सही. विषय चौथा, मोसंबीवरील पतंगाचा बंदोबस्त. वाचून आधी बरं वाटलं. मग खालच्या तीन ओळी वाचल्या. ओढ्याकाठची, गुळवेल चढलेली सगळी झाडं जेसीबीनं काढायची. सगळ्या बागांवर एकाच आठवड्यात ब्लोअरनं फवारणी करायची. आणि पडीक बारव मुरूम टाकून बुजवायची, त्या जागी सभामंडप.

सव्वीस वर्षं मी तुमच्या शाळेत विज्ञान शिकवलं. पाचोडला खोली घेऊन राहिले, उन्हातान्हात तीन किलोमीटर चालत आले. तू फळ्यावर अन्नसाखळी काढली होतीस, गवत, नाकतोडा, बेडूक, साप. मधला बेडूक पुसला तर काय होईल, असं मी विचारलं. तू म्हणालास, "साप उपाशी मरंल आन् नाकतोडे सगळं खाऊन टाकतील." मी तुला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. ते आता परत घ्यावेत असं वाटतंय.

पतंगाचा त्रास खरा आहे, मला मान्य आहे. मोसंबी रसाला आली की तो अंधार पडल्यावर येतो, फळात सोंड खुपसतो, आणि भोक पडलेलं फळ चार दिवसांत सडून गळतं. तुझ्या बागेत झाडाखाली पडलेल्या फळांचा फोटो मीही पाहिला. त्याची अळी मोसंबीला शिवत नाही, ती वाढते गुळवेलीवर, हेही खरं. पण कृषी सहायकानं काय सांगितलं होतं? बागेच्या बांधावरची वेल काढा. तुम्ही त्याचं केलंत ओढ्याकाठची साठ झाडं पाडा. ज्या गुळवेलीचा काढा कोरोनात घरोघरी उकळत होता, तिच्यापायी आता कडुलिंबाची झाडं फाशी जाणार. वेल विळ्यानं निघते, सुदर्शन. जेसीबी लागतो तो लाकडं विकायची असली की. रागावू नकोस. मीच रागावले आहे, तेवढं पुरे.

आणि ती फवारणी. दोन वर्षांपूर्वी तुम्ही असाच मारा केला होता. पतंग दोन आठवड्यांनी शेजारच्या शिवारातून परत आले. ढालकिडे मात्र आले नाहीत. ढालकिडे मावा खातात, म्हणून पुढच्या बहराला कोवळ्या पानांवर हा एवढा मावा चढला. मग माव्यासाठी वेगळं औषध. त्या औषधानं मधमाश्या कमी झाल्या, आणि तूच मला विचारत होतास, "बाई, यंदा फळ कमी का धरलं?" एकाला मारायला जाता आणि तुमच्या बाजूचे पाच मारून येता. वर दुकानदाराला शिव्या देता की औषध भेसळीचं होतं.

आता बारव. सभामंडपाला गावात दुसरी जागा नाही का? शाळेमागची पडीक जमीन काय झाली? त्या बारवेत शेकड्यांनी वटवाघळं राहायची. फळं खाणारी मोठी नव्हेत, अंगठ्याएवढी, किडे खाणारी. दिवस मावळला की ती बाहेर पडायची आणि थेट बागांवर जायची. रात्रभर उडते किडे खायची. तुमच्या आज्यांनी मोसंबी लावली तेव्हा पतंग नव्हता असं नाही. त्याला खाणारंही कुणीतरी होतं. पुढे २०२० साली बारव बंद झाली. ती कशी झाली ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

हे तू ग्रामसभेत वाचून दाखवावंस असं मी लिहिणार होते, पण आज हात दुखतोय. उरलेलं उद्या लिहीन.

२४ सप्टेंबर

उद्याचे चार दिवस झाले. पाकिटाला डिंक नाही, असं मी स्वतःला सांगत होते. डिंक कपाटात होता.

रविवारी मी शेंद्र्याला गेले होते. म्हटलं, माझं एकटीचं लिहिलेलं कशाला, बारवेशेजारी जन्म काढलेला माणूसच ग्रामसभेत उभा करू. कडुबा आठवतो ना? न आठवून कसं चालेल. बारवेच्या कडेला त्याचं खोपट होतं, वटवाघळांची लेंडी खराट्यानं गोळा करून तो वांग्यांना घालायचा आणि ती वांगी पाचोडच्या बाजारात सगळ्यात आधी संपायची. आता तो लेकीकडे, मालनबाईकडे राहतो आणि एका कारखान्याच्या गेटवर बसतो. पासष्टीच्या माणसाला निळा गणवेश घातलाय, खांद्यावर दोन बोटं मोठा.

मला बघून उभा राहिला. "बाई, तुमी? इतक्या लांब?" खुर्ची मला दिली, कागदी कपात चहा आणला. मी सगळं सांगितलं. नोटीस, मुरूम, सभामंडप. म्हटलं, "कडुबा, दोन तारखेला तू ये. संध्याकाळी बारवेवर काय दिसायचं ते तुझ्या तोंडानं सांग."

त्यानं रजिस्टरची पानं सरळ केली. मग म्हणाला, "बाई, म्या येऊन काय सांगू? तवाबी सांगितलंच व्हतं की. हात जोडले. मंग पोरायनी मोबाइल लावून दावला. तुमचा आवाज व्हता त्यात."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. मला बरं वाटावं म्हणून लगेच म्हणाला, "तुमी तरी काय करणार? ते दिवसच तसले." मी चहा तसाच ठेवून निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की दोन दिवसांपूर्वी मी तुला दोन पानं रागावून लिहिलं आणि एक ओळ गाळली.

तर ती ओळ लिहिते.

एप्रिल २०२० मध्ये तू मला विचारलंस, "बाई, बारवेत लई वटवाघळं हायेत. संध्याला सातवा महिना चाललाय. काही धोका?" प्रश्न सरळ होता. खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. त्या महिन्यात कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण सव्वीस वर्षांत वर्गात मी हे तीन शब्द एकदाही उच्चारले नव्हते. पोरं विचारायची, बाई सांगायच्या. शेजारच्या खोलीत आमचे हे, व्यंकटराव, दम्यानं धापा टाकत होते, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं आणि मी घाबरले होते. व्यंकटराव आता नाहीत, त्यांच्या आजाराआड मी लपणार नाही. त्यांनी किंवा टीव्हीनं मला बोल म्हटलं नव्हतं. मी फोनचं बटण दाबलं आणि म्हणाले, "विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगते, बारवेतली वटवाघळं ताबडतोब हाकला आणि जागा बंद करा."

एक मिनिट बारा सेकंदांचा निरोप आहे. अजून फोनमध्ये आहे. काल ऐकला. आवाज अगदी वर्गातला आहे, कुठेही अडखळत नाही. वटवाघळं ओळखायला तुम्हाला मीच शिकवलं होतं. फळं खाणारं कोणतं, किडे खाणारं कोणतं, आकृतीसह. तो धडा मी स्वतःच विसरले आणि वर शिक्षिका म्हणून सही ठोकली.

पुढचं तू पाहिलंस, मी नुसतं ऐकलं. तीन संध्याकाळी पायऱ्यांवर मिरच्या आणि गोणपाट पेटवलं. जी बाहेर पडली त्यांना पोरांनी झाडूंनी पाडलं. मग तोंडावर शेडनेटची जाळी आवळली. कडुबा आडवा आला, म्हणून तोच वटवाघळांत राहणारा, त्यालाच रोग असणार असं ठरलं. किराणा बंद केला. चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवला. कुठल्या खोलीत, तेही मला माहीत आहे. फळ्याच्या वर मी स्वतः चिकटवलेला जंगलाचा तक्ता होता त्या खोलीत. त्याला साधी शिंकही आली नव्हती.

आणि तू तेव्हा पुन्हा फोन केलास. "बाई, कडुबाला शाळंत ठिवलंय. बरोबर हाय ना?" तुझ्या आवाजात शंका होती, सुदर्शन. मी नाही म्हणावं, याची तू वाट बघत होतास. मी म्हणाले, "काळजी घेतलेली बरी."

हे मी साडेचार वर्षं कुणाला बोलले नाही. तू मात्र मला प्रत्येक दिवाळीला मोसंबीची पेटी पाठवत राहिलास आणि मी ती घेत राहिले. कडुबा खोपट सोडून गेला हे कळलं तेव्हा म्हटलं, शेंद्र्याला पगार तरी मिळेल. लाज वाटते लिहिताना. पण तुमच्यावर ओरडताना वाटली नाही, म्हणून आता वाटू दे.

आता जे म्हणायचं ते नीट म्हणते. वटवाघळं गेली म्हणूनच पतंग वाढला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. हवामान बदललं, फवारे वाढले, बागा एकमेकींना चिकटल्या. सगळ्याचा हात असेल. कुणाचा किती, मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नाही, आणि तू मुरूम टाकायला निघालास. मी निरोप बोलले तशीच तू ही नोटीस लिहिली आहेस. घाबरलेल्या माणसांना लगेच काहीतरी करून हवं असतं आणि आपल्याला ते करणारं व्हायचं असतं. कोरोनात एकदा हे झालं. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही.

निघताना कडुबा गेटपर्यंत आला होता. म्हणाला, "दोन सालामागं सातबाऱ्यासाठी गेलो व्हतो. दिवस बुडता बुडता बारवेवर उभा राह्यलो. जाळी एका कोपऱ्याला फाटलीय. तिथून पाच बाहेर पडली. म्या दोनदा मोजली." मग म्हणाला, "पाखरांचं सांगा बाई. माझं काय सांगू नका."

ते मी ऐकणार नाही. दोन्ही सांगणार आहे.

तुला एक काम सांगते. हे पत्र मिळालं की दिवस मावळताना बारवेवर जा. संध्याला बरोबर ने, ती तुझ्यासारखी घाई करत नाही. बोलायचं नाही, बॅटरी मारायची नाही. फाटक्या कोपऱ्याकडे अर्धा तास बघायचं आणि बाहेर पडतील ती मोजायची. पाच दिसली तर पाच लिही. एकही दिसलं नाही तर शून्य लिही, माझ्यासाठी एकाचं दोन करू नकोस. असतील आणि तुम्ही मुरूम टाकलात, तर ती आत जिवंत गाडली जातील. नसतील तरी जाळी काढा आणि दोन पावसाळे वाट बघा. बांधावरची वेल विळ्यानं काढा, गळालेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरा, बागेत संध्याकाळी धूर करा. फवारणी ज्याच्या बागेत खरोखर गरज त्याच्याच बागेत. त्यानं पतंग आटोक्यात येईल का? थोडा येईल. पूर्ण येईल असं म्हणणार नाही.

दोन तारखेला मी येते आहे. पाचोडपर्यंत एसटीनं येईन, पुढचं बघ, गुडघे आता तीन किलोमीटर ऐकत नाहीत. येताना लोकांसमोर तो निरोप मोठ्या आवाजात लावायला मी फोन चार्ज करून आणणार आहे. तुला अवघड वाटलं तरी मध्ये उठून बंद करू नकोस. निरोप संपला की मी बोलेन. मला शाल नारळ काही नको, आणि स्टेजवर खुर्ची ठेवू नकोस. तो निरोपही मी खुर्चीत बसूनच बोलले होते. कुणी उठून विचारलं, "बाई, तवा तुमी असं का सांगितलं?" तर त्याला गप्प बसवू नकोस. तो प्रश्न २०२० साली कुणी विचारला नाही, कारण मी तुम्हाला माझं ऐकायला शिकवलं, मला विचारायला शिकवलं नाही.

संध्याला आशीर्वाद. राजनंदिनीला गोड पापा. यंदा पेटी पाठवू नकोस. पाठवायचीच असेल तर पत्ता शेंद्र्याचा घाल.

तुम्ही जिचं ऐकलंत ती,
सरोजिनी