काय कुरूप पुस्तक!

प्रिय आई,

काल आपल्या फुट्सक्रे उपनगराच्या लायब्ररीत, माझी चौथी, दादावरची कादंबरी हातात घेऊन तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "शी! काय कुरूप आहे!" आधीच्या तिन्ही वेळी मी घरी जाऊन रडले होते. काल मावशीने चिमटा काढला, "वेडे, आपल्यात देखण्या बाळाला कुरूपच म्हणायचं, नाहीतर भुतं पळवतात. देश सोडून सायगॉनहून पळताना बोटीत कुणीतरी तुझ्या दादाला 'काय देखणा!' म्हणालं, आणि तो बोटीतच गेला. तेव्हापासून ताई कशालाच चांगलं म्हणत नाही."

म्हणजे चारही वेळा तू पुस्तकाला तीट लावत होतीस! मी रडता रडता हसतच सुटले.

हे पत्र टाकणार नाही; भुतं वाचतील. पण आई, काल आवझायच्या त्या निळ्या रेशमी लांब झग्यात तू भयंकर कुरूप दिसत होतीस.

तुझ्यावरच गेलेली,
थ्वी